सोन्याचं मोठं नगेट मेटल डिटेक्टरला किती खोलवरून कळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मेलबर्नला राहतो. महिन्यातून एखाद-दुसरा शनिवार डिटेक्टर गाडीत टाकून बेंडिगो, डनॉली, मेरीबरो या पट्ट्यात जातो. व्हिक्टोरिया राज्यातल्या या भागाला इथे ‘गोल्डन ट्रँगल’ म्हणतात. मी हे करतो हे गावाकडे कळल्यापासून फोनवर पहिला प्रश्न तब्येतीचा आणि दुसरा ठरलेला: “तुझं ते मशीन किती खोल बघतं रे?” दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढलं.

फिरवाफिरवी न करता सांगा, किती खोल?

आपल्या मापात सांगतो. ग्रॅमभराचं नगेट (निसर्गात आयता मिळणारा सोन्याचा गोळा) वीतभर, एका औंसाचं म्हणजे साधारण पावणेतीन तोळ्यांचं हातभर, आणि दोन किलोचं दोन हात. हे चांगल्या पल्स इंडक्शन मशीनचं (ही जात काय ते पुढे सांगतो), बऱ्या जमिनीतलं आणि कान तयार असलेल्या माणसाचं गणित. यातलं एकही कमी पडलं की आकडा निम्म्यावर यायला वेळ लागत नाही. मीटरभर खोलीनंतर हातात धरायच्या मशीनचा प्रांत जवळजवळ संपतो.

दोन किलोचं दोन हात कळतं, तर वीस किलोचं वीस हात का नाही?

सगळ्यांचं घोडं इथेच अडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डिटेक्टरच्या कॉईलमधून, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या तारेच्या वेटोळ्यातून, चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. कॉईलच्या व्यासापेक्षा खोल गेल्यावर ते अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होत जातं. अंतर दुप्पट झालं की क्षेत्र एक अष्टमांश उरतं. त्या उरल्यासुरल्या क्षेत्राने सोन्यात बारीक विद्युतप्रवाह उठतो आणि त्याचं उत्तर कॉईलकडे परत येतं. येतानाही तोच नियम, पुन्हा एक अष्टमांश. आठ आठे चौसष्ट. म्हणजे नगेट दुप्पट खोल असेल तर कॉईलपर्यंत पोचणारा आवाज चौसष्ट पटीने बारीक झालेला असतो.

आता उलट बाजूने बघा. मोठ्या गोळ्याचं उत्तर साधारण त्याच्या आकारमानाच्या, पर्यायाने वजनाच्या प्रमाणात वाढतं. त्यामुळे खोली दुप्पट हवी असेल तर वजन चौसष्ट पट हवं. एका औंसाचं, ३१ ग्रॅमचं नगेट ४५ सेंटीमीटरवर कळलं असं धरा. तेच मशीन, तीच माती, पण ९० सेंटीमीटरवर कळायला सुमारे २ किलो लागेल. आणि १८० सेंटीमीटरवर? सुमारे १२७ किलो! जगात आजवर मिळालेल्या सर्वांत मोठ्या नगेटपेक्षाही जास्त.

हे गणित ढोबळ आहे. कॉईलच्या अगदी जवळ ते जुळत नाही, आणि लहान तुकड्यांचं वागणं निराळं. पण त्याचा कल पक्का आहे: नगेटचं वजन दुप्पट झालं तर खोली वाढते जेमतेम बारा टक्के. निसर्ग या बाबतीत भयंकर चिक्कू आहे.

मग ती बातम्यांतली मोठाली नगेट्स किती खोल सापडली?

गंमत यातच आहे. बहुतेक उथळ.

‘वेलकम स्ट्रेंजर’ हे जगातलं सर्वांत मोठं मानलं जाणारं नगेट. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी मोलियागुल गावाजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना ते झाडाच्या मुळांपाशी मिळालं. गारगोटी आणि इतर मळ वजा करून शुद्ध सोनं सुमारे ७२ किलो. खोली? तीन सेंटीमीटर. डिटेक्टर कशाला, केरसुणीनेही निघालं असतं. डनॉलीला एवढं वजन पेलणारा तराजूच नव्हता, म्हणून लोहाराच्या ऐरणीवर त्याचे तुकडे करून तोललं. आज तिथे १८९७ साली उभारलेला दगडी स्तंभ आहे. भोवती सुकलेलं गवत आणि माश्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा बायको म्हणाली, “एवढ्यासाठी दोन तास गाडी चालवली?”

‘हँड ऑफ फेथ’ मात्र डिटेक्टरने सापडलेलं. २६ सप्टेंबर १९८०, किंगोवर गावाजवळ, केव्हिन हिलियर यांना. वजन २७.२ किलो, लांबी ४७ सेंटीमीटर, आणि जमिनीखाली फक्त ३० सेंटीमीटर. पुढे ते लास व्हेगासच्या ‘गोल्डन नगेट’ कॅसिनोने दहा लाख डॉलरहून जास्त देऊन घेतलं आणि काचेआड ठेवलं. डिटेक्टरने सापडून आजही अखंड असलेलं एवढं मोठं नगेट दुसरं नाही.

मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटात १९८९ मध्ये सापडलेलं ‘बूट ऑफ कॉर्टेझ’ १२ किलोंच्या वर भरलं. तेही साध्या दुकानी डिटेक्टरने.

थोडं खोल म्हणावं असं एक उदाहरण व्हिक्टोरियातल्याच बॅलरटचं. जानेवारी २०१३ मध्ये एका हौशी माणसाला, ज्याने आपलं नाव कधी बाहेर येऊ दिलं नाही (शहाणा), साडेपाच किलोचं नगेट सुमारे ६० सेंटीमीटरवरून मिळालं. त्याच्या हातात मिनलॅब कंपनीचं जीपीएक्स ५००० हे पल्स इंडक्शन मशीन होतं. दीडशे-पावणेदोनशे वर्षं लोकांनी चाळून काढलेल्या भागात!

आणि हेही लक्षात असू द्या. त्याच बॅलरटला १८५८ मध्ये ‘वेलकम नगेट’ निघालं, ६९ किलोंचं. ते होतं जमिनीखाली सुमारे ५५ मीटर, जुन्या गाडल्या गेलेल्या नदीच्या गोट्यांत. त्याच्या बरोबर डोक्यावर उभं राहून आजचं सर्वांत महागडं मशीन फिरवलं असतं तरी हूं की चूं झालं नसतं. ते खाणकामगारांच्या कुदळीचं काम.

मोठी नगेट्स उथळ सापडतात की उथळ असलेलीच आपल्याला सापडतात?

दोन्ही, आणि प्रश्न विचारणाऱ्याला माझ्याकडून चहा. डोंगराची झीज होताना माती-वाळू पाण्याबरोबर जाते आणि जड सोनं मूळ गारगोटीच्या शिरेजवळच मागे राहतं. त्यामुळे उतारांवर पातळ मातीखाली मोठे तुकडे मिळणं स्वाभाविक आहे. दुसरीकडे, मीटरभराखालचे आपल्याला दिसतच नाहीत, तेव्हा त्यांची मोजदाद कोण करणार?

डिटेक्टर सोनं ‘ओळखतो’ कसा?

ओळखत नाही. त्याला फक्त वीज वाहून नेणारी वस्तू कळते.

व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रीक्वेन्सी) जातीची मशीनं सतत एका किंवा अनेक वारंवारितांवर लहरी सोडतात आणि परत आलेल्या लहरीतला फरक बघतात. हलकी, स्वस्त, आणि गव्हाच्या दाण्याहून बारीक सोन्यालाही चांगली. पण लोहयुक्त तांबड्या मातीत त्यांचा जीव गुदमरतो.

पल्स इंडक्शन, बोलताना सगळे ‘पीआय’ म्हणतात, त्याची तऱ्हा वेगळी. ते जोरदार झटका देतं, एकदम थांबतं, आणि मग कान देऊन ऐकतं. विहिरीत ओरडून प्रतिध्वनीची वाट बघावी तसं. झटका थांबल्यावर धातूतला प्रवाह लगेच मरत नाही. बारीक तुकड्यात तो काही मायक्रोसेकंदांत विझतो, मोठ्या गोळ्यात बराच वेळ रेंगाळतो. माती बहुतांशी लवकर गप्प होते. म्हणून मातीचा गोंगाट ओसरेपर्यंत थांबून ऐकलं की मोठ्या नगेटचा आवाज मागे उरतो. खोलवरच्या मोठ्या सोन्यासाठी पीआय का, याचं उत्तर हेच. आणि त्याच थांबण्यामुळे अगदी बारीक सोनं सुटून जातं हा त्याचा तोटा.

मोठी कॉईल लावली की खोली वाढते ना?

वाढते, पण फुकट नाही. २८ सेंटीमीटरच्या जागी ४५ सेंटीमीटरची कॉईल लावली तर मोठ्या, खोल वस्तूंसाठी फरक जाणवतो. मात्र लहान नगेट्स तिला दिसेनाशी होतात, मातीचा गोंगाट जास्त येतो आणि संध्याकाळी खांदा बोलायला लागतो. सपाट मैदान, खोल माती आणि पूर्वी मोठी नगेट्स निघाल्याची नोंद, हे तिन्ही असेल तरच मी मोठी कॉईल काढतो. झुडपांत तर ती नकोच. दिवसभर फांद्यांवर आपटत बसते.

मातीने एवढा फरक पडतो?

मशीनपेक्षा जास्त. तांबडी, लोहदगडांनी भरलेली जमीन स्वतःच ओरडत असते. त्यात इथे ज्यांना ‘हॉट रॉक’ म्हणतात ते धोंडे असतात. दिसायला साधे, पण डिटेक्टरवर नगेटसारखे वाजतात. मुठीएवढा धोंडा खणून काढायचा, कॉईलवरून फिरवायचा, वाजला की शिवी देऊन फेकायचा. पांढरट चिकणमाती किंवा स्वच्छ रेतीत मात्र मशीन मोकळं होतं. खाऱ्या ओल्या जमिनीचं दुखणं आणखी वेगळं: तिथे पाणीच वीज वाहून नेतं.

सह्याद्रीचा काळा कातळही चुंबकीय खनिजांनी भरलेला आहे. कुणी किल्ल्याखाली डिटेक्टर फिरवून “खाली काहीतरी आहे, मशीन बोलतंय” म्हणाला तर बहुतेक वेळा दगडच बोलत असतो.

एकाच वजनाची दोन नगेट्स वेगवेगळ्या खोलीवर कळतात असं ऐकलंय. खरं?

खरं. घट्ट, भरीव, सलग गोळा उत्तम वाजतो. जाळीदार, गारगोटीत गुंतलेलं, स्पंजासारखं सोनं तेवढ्याच वजनाचं असून कितीतरी बारीक वाजतं, कारण त्यात प्रवाहाला फिरायला सलग वाट मिळत नाही. ठेवणही महत्त्वाची. पोळीसारखं चपटं नगेट आडवं पडलेलं असेल तर कॉईलला पूर्ण तोंड दाखवतं, उभं रुतलेलं असेल तर नुसती कड. ‘हँड ऑफ फेथ’ उभं रुतलेलं होतं. सत्तावीस किलोचं असल्यावर मात्र कुणाला फरक पडतो म्हणा!

आकाराबद्दल लोकांची कल्पना नेहमी चुकते. सोनं पाण्याच्या एकोणीस पटींहून जड. एक किलो शुद्ध सोन्याची गोळी केली तर ती फक्त साडेचार सेंटीमीटरच्या आसपास व्यासाची, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या कागदी लिंबाएवढी. ग्रॅमभराची मुगाच्या दाण्याएवढी. ‘मोठं नगेट’ मशीनच्या दृष्टीने तितकं मोठं नसतंच.

खोलवरचा सिग्नल ऐकू कसा येतो?

उथळ खिळा टोचून वाजतो. खोलवरचं काही असलं तर आवाज रुंद आणि मऊ येतो, झोपेत कुणी कूस बदलावी तसा. मशीनच्या सततच्या गुणगुणीत एक हलकीशी सुरकुती पडते, बस. नवख्याला ती ऐकूच येत नाही. ऐकू आली तरी तो “माती असेल” म्हणून पुढे जातो. चांगले हेडफोन आणि सावकाश चाल यांनी जितकी खोली मिळते तितकी नव्या मशीनने मिळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

एक परीक्षा सांगतो. पायाने वरचा थर खरवडा, दहाएक सेंटीमीटर. पुन्हा कॉईल फिरवा. आवाज ठळक आणि आखूड झाला तर खाली खरंच वस्तू आहे. विरघळला तर जमीनच होती. उलटपक्षी कॉईल एक वीत वर उचलूनही आवाज तसाच खणखणीत राहिला तर ती वरच पडलेली मोठी वस्तू, बहुधा डबा.

माझा सर्वांत खोल खड्डा टार्नागुल्लाजवळचा. आवाज अगदी पुस्तकात लिहावा तसा: रुंद, मऊ, दोन्ही बाजूंनी सारखा. वीतभर खणलं, ठळक झाला. हातभर खणलं, आणखी ठळक. पुढे पिवळी चिकणमाती लागली, कुदळीला लोण्यासारखी चिकटणारी. दर चार घावांनी ती काठीने खरवडायची आणि मग पुढचा घाव. पाऊण मीटरवर पोचेपर्यंत पावणेदोन तास गेले. मनातल्या मनात गृहकर्ज फेडून झालं होतं. मग खण्ण वाजलं. निघालं फावड्याचं पातं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा खाणकऱ्याने मोडलं म्हणून खड्ड्यात टाकून वर माती ओढलेली. पातं घरी आणलंय. बाल्कनीत तुळशीच्या कुंडीला टेकून उभं आहे.

लोखंड आणि सोनं वेगळं सांगणारं बटण असतं ना?

असतं. उथळ वस्तूंवर बऱ्यापैकी चालतं, खोलीवर फसतं. मोठ्या खोल नगेटला ‘लोखंड’ म्हणून गप्प करणारं मशीन काय कामाचं? म्हणून इथला रिवाज एकच: वाजलं की खणायचं. दिवसाला चाळीस खड्डे, त्यांत छर्रे, बंदुकीच्या गोळ्या, जुन्या बुटांच्या खिळ्या, बाटल्यांची बुचं. सोन्याचं एखादं, तेही नशीब असेल तर.

घरच्या अंगणात अंगठी हवेत धरून तपासलं तर खोली कळेल?

ती हवेतली खोली. मातीत ती नेहमी कमीच भरते. शिवाय अंगठी हे सलग कडं असतं, प्रवाह मजेत गोल फिरतो. त्याच वजनाचं नगेट तिच्याइतकं वाजणार नाही. परीक्षाच घ्यायची तर शिशाचा तुकडा जिथे शोधायचं त्याच जमिनीत पुरून बघा.

दहा, पन्नास, शंभर मीटरवरून सोनं दाखवणारी मशीनं विकायला असतात त्यांचं काय?

ती विकायलाच असतात. शोधायला नाहीत.

पिस्तुलासारखी मूठ, पुढे डुलणारी अँटेना, वर ‘सोने-चांदी-हिरे’ असं निवडायचं बटण. ही ‘लाँग रेंज लोकेटर’ नावाची जात. वर दिलेलं चौसष्टाचं गणित आठवा आणि ठरवा. अँटेना डुलते ती आपल्याच मनगटाच्या नकळत होणाऱ्या हालचालीने, जुन्या पाणाड्याच्या काठीसारखी. याच धाटणीचं एडीई ६५१ नावाचं खेळणं जेम्स मॅककॉर्मिक या इंग्रज माणसाने इराकला बॉम्ब शोधायला म्हणून विकलं. त्यात चालू असं काहीच नव्हतं. २०१३ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. नाक्यांवर त्या अँटेनेवर विसंबलेल्या लोकांचे जीव गेले. सोन्याच्या बाबतीत निदान पैशांवरच भागतं.

दोन पेट्यांची, दांड्याच्या दोन्ही टोकांना कॉईल असलेली मशीनं मात्र खरी असतात. ती दोन-तीन मीटरवरचा हंडा किंवा पेटी पकडू शकतात, कारण वस्तू मोठी असते. पण लिंबाएवढी वस्तू त्यांना अजिबात दिसत नाही. नगेटसाठी निरुपयोगी.

“हंडा” म्हणालात म्हणून विचारतो. महाराष्ट्रात असं मशीन घेऊन फिरता येईल का?

हा प्रश्न येणार होताच. मामांचा याच विषयावर वर्षातून दोनदा फोन येतो.

आधी भूगर्भाचं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, त्यात नगेट्स मिळायची नाहीत. कर्नाटकात कोलारला सोनं होतं, हट्टीला अजूनही काढतात, पण ते गारगोटीच्या शिरांत विखुरलेल्या बारीक कणांच्या रूपात, टनामागे काही ग्रॅम. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २००१ मध्ये बंद झाली. झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी लोक वाळू धुऊन कण काढतात, त्यालाही डिटेक्टरचा उपयोग नाही.

आता कायदा. सोनं हे खनिज, आणि १९५७ च्या खाण व खनिज कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय त्याचा शोध घेता येत नाही. पुरलेलं धन सापडलं तर त्यासाठी १८७८ चा ‘ट्रेझर ट्रोव्ह’ कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही मिळालं तर कलेक्टरला कळवावंच लागतं. संरक्षित किल्ला, लेणी, देऊळ इथे परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. आणि गुप्तधनाच्या नादाने पायाळू मूल, मांत्रिक, अमावस्या हे जे चालतं त्याच्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. मामांना मी एवढंच सांगतो की माझ्या मशीनला पायाळू-बिनपायाळू कळत नाही, खिळे तेवढे कळतात.

ऑस्ट्रेलियात परवाना लागतो?

व्हिक्टोरियात ‘माईनर्स राईट’ घ्यायचा. दहा वर्षांचा असतो आणि किंमत एका बऱ्या जेवणाइतकी. त्यावर परवानगी असलेल्या सरकारी जमिनीत सापडलेलं सोनं तुमचं. हा हक्क भांडून मिळालेला आहे: १८५४ मध्ये बॅलरटला युरेकाच्या बंडात खाणकामगार जाचक परवान्याविरुद्ध उठले, माणसं मारली गेली आणि पुढच्या वर्षी हा स्वस्त हक्क आला. हातानेच खणायचं, यंत्र नाही. आदिवासी समाजाच्या वारशाच्या खुणांना हात लावायचा नाही. बऱ्याच राष्ट्रीय उद्यानांत मनाई आहे. खड्डा बुजवायचाच. आणि जुन्या विहिरीसारख्या उभ्या खाणी झुडपांत लपलेल्या असतात, तेव्हा हेडफोन लावून मागे मागे चालू नका. उन्हाळ्यात साप असतात, तो वेगळा विषय.

सर्वांत खोल जाणारं महागडं मशीनच घ्यावं का?

पहिल्या वर्षी नाही. वरच्या दर्जाचं पीआय आठ-दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात जातं. २०२३ मध्ये इथल्याच एका माणसाला त्या मानाने बऱ्याच स्वस्त मशीनने ४.६ किलोचा दगड मिळाला, त्यात २.६ किलो सोनं निघालं. आधी भाड्याने घेऊन दोन दिवस फिरा. माश्या सहन झाल्या तर पुढचं बोलू.

तुम्हाला आजवर मिळालेलं सर्वांत मोठं किती?

सव्वाअकरा ग्रॅम, तोळ्याला किंचित कमी. मोलियागुलच्या अलीकडे एका उतारावर, मुळाच्या बेचक्यात, जेमतेम चार बोटं खोल. आईला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. तिने चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, “आटवल्यावर घट किती जाईल?”